वहीत नसलेलं घर

प्रिय मुंगी,

बाबांनी पाकीट दिलं की आधी त्यांना बसव, पाणी दे, आणि मगच हे उघड. यात काय आहे ते आपल्याला ठाऊकच नाही असा चेहरा ते करतील, पण त्यांना सगळं ठाऊक आहे. फोन का नाही केलास, असं म्हणशील. फोनवर तू मला मधेच तोडशील आणि मी गप्प बसेन, एवढी मी स्वतःला ओळखते. कागद संघटनेच्या जुन्या परिपत्रकांचे पाठकोरे आहेत, तेव्हा उलटी बाजू वाचत बसू नकोस. इतका चांगला कागद एकाच अंगाने वापरून टाकून द्यायचा, हे मला अजून जमत नाही.

गेल्या सोमवारी डॉक्टरांच्या संघटनेचं रजिस्टर पत्र आलं. माझे हात पिठात होते म्हणून पोस्टमनने आजीची सही घेतली, आणि मग दिवसभर ती मला काय आलंय म्हणून विचारत राहिली. पत्र आपल्या बायकांच्या मंडळाच्या नावाने होतं, संस्थात्मक सभासद म्हणून. पाण्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टर सभासदाविरुद्ध तक्रार आली आहे, तिच्यासाठी समिती नेमली आहे, आणि त्या समितीला आपल्या आजारांच्या नोंदीची मूळ वही हवी आहे. तो डॉक्टर सभासद म्हणजे तू, हे आपल्या दोघींना एकमेकींना सांगायला नको. वहीसोबत संस्थेच्या प्रतिनिधीने एका छापील कागदावर सही करून द्यायची. कागदावर एकच वाक्य आहे: ही नोंदवही पूर्ण आहे व तिच्यातून काहीही वगळलेले नाही. खाली रेघ, आणि रेघेखाली माझं नाव त्यांनी आधीच टाईप करून ठेवलंय. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. म्हणालीस, आई, कागद आला असेल ना, सही कर आणि वही पाठवून दे, वही आली की सगळं मिटलं. मी बरं म्हटलं. आज शनिवार. सकाळपर्यंत कागद पिठाच्या डब्याखालीच होता, आणि रोज डबा उचलताना मी तिकडे न बघता पीठ काढत होते.

हे सभासदत्व तूच आणलंस. चार वर्षं झाली. आम्ही अकरा बायका दर सोमवारी घरोघर जाऊन ताप आहे का, उलट्या-जुलाब आहेत का विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो, एवढ्यावर डॉक्टरांच्या संघटनेत जागा मिळते म्हणालीस, तेव्हा मोठ्या बाईंना थट्टाच वाटली. (शाळेची मुख्याध्यापिका म्हणून उभा जन्म काढला, तरी त्यांना फॉर्म भरायची अजून भीती वाटते.) मग फॉर्म मीच भरला, तू शेजारी बसून हसत होतीस. कर्मचारी संख्या: अकरा बायका, पगारी कोणी नाही. प्रतिनिधीची शैक्षणिक पात्रता: मी ती जागा रिकामी सोडली, तर तू पेन माझ्या हातात परत दिलंस आणि म्हणालीस, मॅट्रिक लिही, चोरी केली आहेस का? वर्गणीचा आकडा बघून मी संघटनेच्या कारकुनाला फोन करून विचारलं होतं की मासिक नको असेल तर काही कमी होईल का. त्या बिचाऱ्याने मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तू कपाळाला हात लावलास. पण वार्षिक सभेत गळ्यात नावाची पट्टी अडकवून मी बसले, शेजारच्या प्रोफेसरांनी कोणती संस्था म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि मग मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या सहाशे खाटांच्या कॉलेजचं एक मत आणि आपल्या अकरा बायकांचंही एकच, बरोबरीचं. त्या दिवशी तू व्यासपीठावरून माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी जपून ठेवलंय. सभासदत्वाचं प्रमाणपत्र देवांच्या शेजारी लावलंय, तेही आठवतं ना? भिंतीला खिळा तेवढा तिथेच होता असं मी सगळ्यांना सांगते.

वही कशी लिहायची तेही तूच शिकवलंस. कळलं त्या दिवसाची तारीख घालायची नाही, त्रास सुरू झाला तो दिवस विचारून घालायचा. खाडाखोड करायची नाही. आणि तुझा तिसरा नियम, जो ऐकून आम्ही सगळ्या रुसलो होतो: स्वतःच्या घराची नोंद स्वतः करायची नाही, ती दुसरीने येऊन करायची. आम्ही काय खोटं लिहू का, म्हणून मीच सगळ्यांत जास्त भांडले होते. तू म्हणालीस, खोटं लिहिणार नाही गं, पण घरचं दुखणं माणूस दुखण्यात धरत नाही. तेव्हापासून माझ्या घरी मोठ्या बाई येतात, समोर बसून शाळा तपासणीला आल्यासारखं विचारतात, आणि मी त्यांच्याकडे जाते. चार वर्षांत हे एकदाच चुकलं. पाण्याचं सगळं झालं त्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तीन सोमवार त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांच्या वाटची घरं मी वाटून घेतली. माझं घर कुणी घेतलं नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. हे शेवटचं वाक्य पहिल्या काही आठवड्यांपुरतंच खरं आहे. पुढचं सांगतेच.

मंगळवारी मी वही पाठवायच्या आधी एकदा सगळी वाचून काढायला बसले. आजी पलंगावर होती. तिला हल्ली नावं ऐकायला आवडतात, कोण कुणाचा, कोण कुठे राहतो हे ती मधे मधे सांगते. पंधरा तारखेची पहिली नोंद, गवंड्याचा मुलगा. मग त्याची बहीण. मग दुकानवाली, मग तिच्या शेजारचे दोघे. शिंप्याची आई आली तेव्हा आजीने ते नाव पुन्हा वाचायला लावलं, दोघी एकत्र बसायच्या, माहीत आहे ना तुला. एक्केचाळीस नोंदी मी वाचल्या आणि वही मिटली. तर आजी उठून बसली. म्हणाली, आणि मी? मी म्हटलं, तुम्ही काय? "मी काय म्हणजे! शेजाऱ्यापाजाऱ्यांची ढाळ-उलटी लिहिलीस, त्या दुकानवालीला तर नुसतं मळमळत होतं, तिलाही लिहिलंस. आणि मी चार दिवस अंथरुणाला खिळले होते, तुम्ही दोघांनी मला धरून मोरीत नेलं, ती मी तुझ्या वहीत कुठेच नाही? सुनेच्या वहीतसुद्धा जागा नाही मला?" मी हसले. ती हसली नाही. दुपारी जेवलीही रागातच. बाबांना म्हणाली, तुझ्या बायकोने मला जिवंतपणीच गाळलं.

मुंगी, आजीला त्रास सुरू झाला तो दिवस दहा तारीख. सकाळी, अंघोळीच्या आधी. हे मला घड्याळाच्या काट्यासकट आठवतं. अकरा तारखेला दुपारी मी तुला फोन केला. तू कुठल्या तरी बैठकीच्या दारात उभी होतीस, मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. तू म्हणालीस, म्हातारं माणूस आहे गं आई, काहीतरी बाधलं असेल, मीठ-साखरेचं पाणी देत राहा, मी रात्री करते फोन. मी तुला असंही म्हटलं की नळाला सकाळपासून वास येतोय, चाचणी म्हणून पाणी सोडलंय त्या नवीन पाइपचा असेल का? तू हो म्हणालीस की नुसतं हूं म्हणालीस, ते मात्र मला नक्की आठवत नाही, म्हणून ते मी कुठे लिहिणार नाही. बारा तारखेला नव्या पाइपमधलं पाणी पिण्यास योग्य असल्याच्या दाखल्यावर तू सही केलीस.

संस्थात्मक सभासदाला प्रकरणाची सगळी कागदपत्रं मिळतात, हा नियम तुला माहीत असेलच, पण बहुतेक तुझ्या ध्यानात आला नसावा. तुझा जबाब संघटनेच्या त्या पाकिटात होता. त्यात लिहिलंय, दाखल्यावर सही करेपर्यंत त्या वस्तीत आजाराची एकही घटना मला कळलेली नव्हती. हे वाक्य मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. तुला आठवलंच नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसाला तुला शंभर फोन येतात, त्यात आईचा एक. आजी म्हणजे वस्ती नव्हे, आजी म्हणजे घर, असंही तुला वाटलं असेल. तूच म्हणाली होतीस ना, घरचं दुखणं माणूस दुखण्यात धरत नाही. मी तुझ्या बाजूने जेवढं मनात आणता येईल तेवढं आणलं. मग पुढचं पान उलटलं, तर तिथे वस्तीला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा जबाब.

तुमच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसच्या चौकशीत सगळं त्याच्यावर गेलं, हे ठाऊकच आहे. तेरा आणि चौदा तारखेला तो दाढ काढायला रजेवर होता, बदली माणूस आला नाही, टाकीत जंतू मारायची पावडर पडली नाही, पंधरापासून माणसं आजारी. हिशेब कसा सरळ बसतो. पण त्याने नऊ तारखेलाच सांगितलं होतं की गटाराजवळच्या वळणावर नव्या पाइपचा सांधा पाझरतोय, तो उघडून बघा. कुणी बघितला नाही. आता पाण्यात पावडर दुप्पट पडते, म्हणून सगळं निवांत आहे, आणि सांधा तसाच आहे मुंगी. मी परवा जाऊन बघून आले, तिथली माती ओली आहे. रजेच्या आधीचा एक जरी आजारी वहीत निघाला, तर पावडरीचा हिशेब मोडतो आणि तो सांधा उघडावा लागतो. नाही निघाला, तर एके दिवशी पावडर पुन्हा चुकणारच. आम्ही अकराजणी दारोदार पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरतोय. का, असं कुणी विचारलं तर पाऊलवाटेकडे बघतो.

आता ते सांगते जे मी बाबांनाही सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी चावीवाला आपल्या दारात आला होता. घरात ये म्हटलं तर आला नाही. हातात त्याची खिशातली डायरी, कुठल्या दिवशी कोणती चावी किती वाजता फिरवली ते पेन्सिलने लिहिलेली. निलंबित होऊन पंधरा दिवस झाले होते आणि तरी त्याने त्या पंधरा दिवसांच्याही तारखा घालून ठेवल्या होत्या, समोर काहीच न लिहिता. म्हणाला, "काकू, तुम्ही सगळं लिहिता असं लोक म्हणतात. तेराच्या आधीचं कुणी आहे का तुमच्या वहीत, एकदा बघता का?" मी आत गेले. वही काढली. त्याच्यासमोर पान उलटलं आणि म्हटलं, वहीत नाही रे बाबा. त्याने मान डोलावली, बरं म्हणाला, आणि जाताना आजीकडे बघून विचारलं, आता बरं आहे ना आजींना? म्हणजे आजी आजारी होती हे त्याला माहीत होतं. कधी, ते माहीत नव्हतं, आणि तो विचारायलाही धजला नाही, कारण मी वही उघडून दाखवली होती. वहीत नाही, हे खरंच होतं. इतकं खरं बोलून इतकी फसवणूक मी जन्मात कधी केली नाही. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं होतं की माझं घर राहिलंय. मोठ्या बाईंचा डोळा तोवर बरा झाला होता. एक निरोप धाडला असता तर त्या त्याच दिवशी येऊन लिहून गेल्या असत्या. मी निरोप धाडला नाही. सहा आठवडे, मुंगी. तुझी चूक असेल तर ती एका दुपारची आहे. माझी सहा आठवड्यांची आहे, आणि त्यातला प्रत्येक दिवस मी सकाळी देवासमोर हात जोडूनच सुरू केला.

देवाकडे मी आजवर फार मागितलेलं नाही, तुला माहीत आहे. यावेळी मागितलं. समितीने वही मागू नये, एवढंच. त्यांनी मागितली. मग मागितलं, आजीने विसरावं. तिने भर दुपारी उठून बसून मला जाब विचारला. यापुढे काही मागायला माझी जीभ रेटत नाही. प्रमाणपत्र शेजारीच टांगलेलं आहे, तेव्हा हात जोडले की दोन्ही समोर येतात. बाबांना बुधवारी सगळं सांगितलं. ते आधी भडकले. म्हणाले, एका म्हातारीच्या पोटदुखीसाठी पोरीची सारी उमेद मातीत घालणार आहेस का, संघटना काय तुला म्हातारपणी सांभाळणार आहे? ते बाहेर गेले, अर्ध्या तासाने परत आले, चपला न काढता दारातच उभे राहिले, चपलांना ओली माती होती. म्हणाले, ओलं आहे गं तिथे. मग आत जाऊन आजीचे पाय दाबत बसले.

तू लहान असताना साखरेच्या डब्यातून एकेक दाणा उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवायचीस, मुंग्यांना उशीर व्हायला नको म्हणून. तेव्हापासून तुझं हे नाव. मी ओरडायचे, साखर वाया जाते म्हणून. तू म्हणायचीस, वाया नाही जात, मोजून ठेवलेत. मोठी होऊन दुसऱ्याच्या जिवाची मोजदाद करणारी डॉक्टर झालीस, तेव्हा मला नवल वाटलं नाही. तुझी सही वाईट हेतूने झाली असं मला सांगायला कुणी आलं, तर मी त्याला दारात उभं करणार नाही. पण तुझं ते एक वाक्य मी कुणाला खरं म्हणून सांगू शकत नाही, कारण फोनच्या या टोकाला मीच होते.

तर हे पत्र लिहायचं कारण. काल दुपारी मी वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि मास्तरणीच्याच आवाजात विचारलं, तू सांगतेस ते मी लिहीन, पण तुझ्याच मुलीचा नियम आहे, खाडाखोड करायची नाही, माहीत आहे ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून कालची तारीख घातली, आणि पुढे आजीचं नाव, वय, त्रास सुरू झाल्याची तारीख दहा. आरोग्य अधिकाऱ्याला कधी कळवलं, या रकान्यात अकरा, तुला फोन केला तो दिवस. मी समोर बसून त्यांना उत्तरं देत होते, प्रत्येक सोमवारी देते तशी. आज सकाळी पिठाच्या डब्याखालचा कागद काढला आणि त्यावर सही केली, आता वही पूर्ण आहे म्हणून. त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, संबंधित सभासदाशी नाते असल्यास नमूद करावे. तिथे आई लिहिलं. खाली, माझ्यामुळे नोंदीला सहा आठवडे उशीर झाला, हेही लिहिलं. मोठ्या बाई बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने वही घेऊन संघटनेच्या कार्यालयात जाणार आहेत, त्यांना मी बुधवारपर्यंत थांबा म्हटलंय, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. मधे तुझे रविवार, सोमवार, मंगळवार आहेत. वही पोचायच्या आधी तू स्वतः समितीपुढे जाऊन ते वाक्य मागे घेतलंस आणि सांधा उघडायला सांगितलंस, तर माझी वही तुझ्या मागून येईल, तुझ्या पाठीशी. नाही गेलीस, तर ती तुझ्यासमोर येईल. मला आणखी थांबता येत नाही गं, माती ओली आहे. आजी अजून फुगून बसली आहे, तिची ओळ मी तिला वाचून दाखवलेली नाही. वहीची नक्कल घरी ठेवली आहे. कार्यालयातून निघालीस की सरळ इकडे ये, आणि ती तूच तिला वाचून दाखव.

तू गेलीस तरी आणि न गेलीस तरी तुझीच,
आई